एक लिटर दूध आणि त्यामागचं पाणी



खत, बियाणं, फवारणी यांवर आपण नेहमी बोलतो. आज दुधाबद्दल बोलायचं आहे, पण फॅटबद्दल किंवा भावाबद्दल नाही. एक लिटर दूध तयार व्हायला जमीन किती लागते, पाणी किती लागतं आणि हवेत काय सोडलं जातं, हा आजचा विषय आहे. हा विषय मला सुचला नाही. तो एका शेतकऱ्यानं मला विचारला.

शिरूर तालुक्याच्या कोरड्या पट्ट्यात, पाबळ-केंदूरच्या बाजूला, दिवाळीनंतर एका वस्तीवर गेलो होतो. गोठ्यात चार संकरित गाई. घरचा मुलगा पुण्याला शिकायला आहे. दिवाळीला येताना त्यानं सोयाबीनच्या दुधाचं एक खोकं आणलं आणि वडिलांना म्हणाला, "आबा, गाईच्या दुधानं पृथ्वी तापते, पाणी संपतं. जगात लोक आता हे प्यायला लागलेत." आबांनी ते खोकं माझ्यापुढं ठेवलं. म्हणाले, "साहेब, ह्याची फी ह्याच गाईंनी भरली. आता हाच म्हणतो गाई वाईट. खरं काय ते तुम्ही सांगा."

मी त्या वेळी हसलो आणि म्हणालो, "तात्या, शहरातली फॅडं आहेत ही." तेवढं बोलून मी उठलो. पण रस्त्यानं येताना वाटलं, आपण खात्याचा माणूस, आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देता निघून आलो. म्हणून आकडे काढले. ते तुमच्यापुढं ठेवतो.

२०१८ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाचे जोसेफ पूअर आणि स्वित्झर्लंडचे थॉमस नेमेचेक या दोन संशोधकांनी ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एक लिटर गाईच्या दुधामागे सरासरी ३.२ किलो कार्बन वायूइतका ताप हवेत जातो असं दिसलं. सोयाबीनच्या दुधामागे १ किलो. जमीन पाहिली तर गाईच्या लिटरला ९ चौरस मीटर, म्हणजे शहाण्णव चौरस फुटांची एक लहान खोली. सोयाबीनच्या लिटरला सात चौरस फूट. आणि ओलिताचं पाणी गाईच्या लिटरला ६२८ लिटर, सोयाबीनच्या लिटरला २८ लिटर. खोकं, वाहतूक, कारखाना हे सगळं धरून हे आकडे आहेत.

म्हणजे मुलगा खोटं बोलला नव्हता. हे आधी कबूल करू आणि मग पुढं जाऊ.

आता हा ताप येतो कुठून? गाय-म्हैस रवंथ करते. तिच्या पहिल्या मोठ्या पोटात, म्हणजे कोटीपोटात, अब्जावधी सूक्ष्मजीव वैरण कुजवतात. आपल्याला न पचणारा कडबा, भुसा तिला पचतो तो याच जीवांमुळे. पण या कामात मिथेन नावाचा वायू तयार होतो आणि ढेकरावाटे तोंडातून बाहेर पडतो. पुष्कळ लोकांना वाटतं हा वायू शेणातून येतो. शेणातूनही येतो, पण त्याहून फार जास्त ढेकरातून येतो. गोबरगॅसच्या शेगडीत जो वायू जळतो तोच हा. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर कार्बन वायूपेक्षा तो सुमारे २८ पट ताप धरतो.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. गाय दूध देवो अगर न देवो, ढेकर देतेच. हवामान बदलावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळानं २००६ साली एक तक्ता दिला. आपल्याकडची सर्वसाधारण दुधाळ गाय वर्षाला ५८ किलो मिथेन सोडते आणि ९०० किलो दूध देते असं त्यात धरलं होतं. अमेरिकेतली गाय १२८ किलो मिथेन सोडते, पण ८,४०० किलो दूध देते. भागाकार करा. आपल्या गाईच्या लिटरमागे ६४ ग्रॅम, तिथल्या लिटरमागे १५ ग्रॅम. आपली गाय कमी वायू सोडते, तरी आपलं दूध जड पडतं. कारण वायू वाटून घ्यायला लिटर कमी आहेत.

याचा अर्थ अमेरिकेसारखे हजार-हजार गाईंचे गोठे बांधा, असा नाही. तिथल्या गाईला मका आणि सोयाबीन पिकवून घातलं जातं. ती जमीन माणसाचं अन्न पिकवू शकली असती. आपल्या मालदांडी ज्वारीचं तसं नाही. कणसातलं धान्य आपण खातो, ताटाचा कडबा गाय खाते. रब्बीच्या ज्वारीला कालव्याचं पाणीही लागत नाही, जमिनीतल्या ओलीवर ती येते. शेंगदाण्याचं तेल आपण काढलं, पेंड गाईनं खाल्ली. जिथं गाय आपल्या उरल्यासुरल्यावर जगते तिथं तिचं दूध आपल्या ताटातलं काही काढून घेत नाही. शिरूरजवळ घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून उत्खनन केलं. तिथं तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या घरात धान्याबरोबर गुरांची हाडंही सापडली. तेव्हापासूनची ही जोडी आहे. बिघडली ती अलीकडं, जेव्हा आपण गाईला पाण्यावरच्या वैरणीवर नेलं.

आणि आपल्या दोन तालुक्यांत खरी अडचण ढेकराची नाही, पाण्याची आहे. म्हणून पाण्याचा हिशेब जरा सावकाश करू.

गाय पिते किती? उन्हाळ्यात संकरित गाय साठ-सत्तर लिटर पाणी पिते. दहा लिटर दूध देत असेल तर लिटरला सहा-सात लिटर झाले. हे काही मोठं पाणी नाही. मोठं पाणी वैरणीत आहे.

समजा गाईला रोज वीस किलो हिरवी वैरण घालायची आहे आणि ती संकरित नेपिअरची, यशवंत म्हणा किंवा फुले जयवंत म्हणा. चांगल्या जमिनीत एका गुंठ्यातून वर्षाचं सरासरी धरलं तर दिवसाला चार-पाच किलो वैरण मिळते. म्हणजे एका गाईला पाच गुंठे धरा. उन्हाळ्यात दहा दिवसांनी पाणी द्यावं लागतं. पाटानं एक भरणं दिलं तर एका गुंठ्यावर साधारण सात हजार लिटर पाणी जातं. पाच गुंठ्यांवर पस्तीस हजार. दहा दिवसांनी भागलं तर दिवसाला साडेतीन हजार लिटर. गाय दहा लिटर देत असेल तर लिटरमागे साडेतीनशे लिटर. विताला सात-आठ महिने झाले आणि दूध पाच लिटरवर आलं, तर लिटरमागे सातशे. इतक्या लांबच्या अभ्यासातला तो ६२८ चा आकडा आपल्या गोठ्यात येऊन बसतो तो असा.

आता दौंडकडं पाहा. यवत, केडगाव, वरवंड, पाटस या बाजूला खडकवासल्याचा उजवा मुठा कालवा आहे. तिथं वाटतं पाणी आहे, काळजी काय? पण पुणे शहर पितं तेही याच धरणसाखळीचं पाणी. दर उन्हाळ्यात आवर्तन कधी सुटणार, किती दिवस चालणार, यासाठी आपण कार्यालयांच्या पायऱ्या झिजवतो. जो मुलगा पुण्यात राहून "दुधानं पाणी संपतं" म्हणतो, त्याच्या नळाला आणि दौंडच्या नेपिअरला पाणी एकाच ठिकाणाहून येतं. शहर वाढतंय. शेतीच्या वाट्याला पुढं पाणी वाढेल, असं मला तरी दिसत नाही.

मग करायचं काय? माझ्या मते सगळ्यात मोठं काम एकच आहे. उन्हाळ्याची हिरवी वैरण उन्हाळ्यात पिकवायची नाही. ती पावसाळ्यात, पावसाच्या पाण्यावर पिकवायची आणि साठवायची. म्हणजे मुरघास.

हाही हिशेब करून पाहू. मार्च ते मेअखेर शंभर दिवस धरा. एका गाईला रोज पंधरा किलो मुरघास, म्हणजे दीड टन. खरिपातला मका चांगला आला तर गुंठ्याला चारशे ते पाचशे किलो हिरवा चारा देतो. वाळण्याची आणि खड्ड्यातली थोडी तूट धरली तरी एका गाईला चार-साडेचार गुंठे मका पुरतो. पावसानं ताण दिला तर एखादं संरक्षित पाणी द्या. तेवढ्याच दिवसांसाठी पाच गुंठे नेपिअर पाटपाण्यावर जगवायचं तर साडेतीन लाख लिटर पाणी लागतं. दहा हजार लिटरचे पस्तीस टँकर झाले हे! आणि हे एका गाईचं. आबांच्या चार गाई आहेत.

मुरघासाचं तंत्र अवघड नाही, पण घाई चालत नाही. मक्याचा दाणा दुधातून चिकात आला की कापणी करा. फार कोवळा कापला तर पाणी सुटून कुजतो, वाळल्यावर कापला तर नीट दाबला जात नाही. कुट्टीयंत्रावर अर्धा ते एक इंचाचे तुकडे करा. तीन घनमीटरच्या खड्ड्यात, म्हणजे दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, दीड मीटर खोल, एका गाईचा शंभर दिवसांचा मुरघास बसतो. खड्डा उंचवट्यावर घ्या, आत प्लॅस्टिकचा कागद अंथरा. थर टाकत जा आणि प्रत्येक थर पायानं तुडवून हवा काढा. माणसं कंटाळतात ती इथंच, आणि पुढं बुरशी येते तीही इथलीच. वर कागद, त्यावर माती. पंचेचाळीस दिवसांनी उघडायचा. आंबूस-गोड वास आला तर जमला. काळा पडलेला किंवा पांढरी बुरशी असलेला भाग गाभण गाईपुढं टाकू नका, उकिरड्यावर टाका. पहिल्या वर्षी एकाच गाईपुरता करून पाहा. ज्यांना खड्डा नको त्यांना जाड पिशव्या मिळतात, पण उंदरांपासून त्या सांभाळाव्या लागतात.

दौंड आणि शिरूरच्या ऊस पट्ट्यात तोडणीच्या दिवसांत वाढे भरपूर मिळतात. घाला, पण नुसत्या वाढ्यांवर गाय ठेवू नका. वाढ्यांत ऑक्झॅलेट असतं, ते गाईच्या अंगातलं कॅल्शियम ओढतं. वाढ्यांची कुट्टी करून तिच्यावर चुन्याची निवळी शिंपडा, सोबत कडबा आणि खनिज मिश्रण द्या. आणि पाचट पेटवू नका हो. ज्या हवेचा हिशेब आपण इथं ग्रॅम-ग्रॅमनं करतोय, ती एका संध्याकाळी फुकट तापवायची, हे कशासाठी?

दुसरी गोष्ट भाकड जनावराची. आपल्याकडं कित्येक गोठ्यांत गाय एकदा व्याल्यावर पुन्हा व्यायला सोळा-अठरा महिने लागतात. त्यातले दहा महिने दूध. उरलेले सहा-आठ महिने ती खाते, पिते, ढेकर देते, आणि तो सगळा भार मागच्या-पुढच्या लिटरवर चढतो. व्याल्यापासून तीन महिन्यांत गाय गाभण गेली पाहिजे. माज लक्षात न येणं, खनिज मिश्रण न देणं ही नेहमीची कारणं आहेत. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं गोठ्यावर जाऊन समतोल आहाराचे प्रयोग केले. वैरण, पेंड आणि खनिजांचं प्रमाण नुसतं बरोबर बसवलं, तरी दुधाच्या किलोमागचा मिथेन एक दशांशाहून अधिक उतरला. यात खर्च वाढला असं नाही, उलट जास्तीची पेंड वाचली.

गोऱ्ह्यांचाही प्रश्न आहेच. शेजारच्या उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजे आपलं बाएफ, सुरू केलं. संकरित गाय आपल्या दारात आली त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. पण संकरित गोऱ्हा औताला फारसा चालत नाही, आणि २०१५ पासून राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे. आता लिंगनिश्चित रेतमात्रा मिळतात. दहांतल्या साधारण नऊ वेळा कालवड होते. पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. नको असलेलं जनावर जन्मालाच न येणं, हे नंतर रस्त्यावर सोडून देण्यापेक्षा केव्हाही बरं.

शेणाबद्दल थोडक्यात. रोज पन्नास किलो शेण असेल, म्हणजे तीन-चार मोठी जनावरं, तर दोन घनमीटरचा गोबरगॅस चालतो. वायू चुलीत जळतो, सिलिंडर वाचतं आणि मळी शेतात जाते.

आता त्या खोक्याकडं परत येऊ. सोयाबीनचं दूध आपलं शत्रू आहे का? मला तसं वाटत नाही. सोयाबीन कुणाच्या शेतात येतं? आपल्याच. खरिपात पावसावर येतं, मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र धरतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं एमएसीएस नावानं त्याचे चांगले वाण दिले आहेत. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात त्याखाली सोयाबीन विकावं लागलं, हे तुम्ही विसरला नसाल. त्याच वर्षी गाईच्या दुधाला शासनानं लिटरमागे पाच रुपये अनुदान दिलं. म्हणजे दोन्हीकडं मार खाल्ला तो आपणच. तेव्हा गाय विरुद्ध सोयाबीन असं भांडण आपल्या बांधावर नाही. २०२१ साली अन्नसुरक्षा प्राधिकरणानं सांगितलं की सोयाबीनच्या अशा पेयावर 'दूध' असं छापता येणार नाही. ते ठीकच झालं, ग्राहकाला काय घेतो ते कळलं पाहिजे.

आणि झाडाचं दूध आपल्याला नवं आहे का? नारळाचं दूध आहे, गव्हाचा चीक आहे, नाचणीचं सत्त्व आहे. भगिनींसाठी सांगतो, सोयाबीनचं दूध घरी होतं. शंभर ग्रॅम दाणे निवडून रात्रभर भिजत घाला. सकाळी चोळून सालं काढा, गरम पाण्यात वाटा, फडक्यानं गाळा आणि सतत ढवळत पंधरा-वीस मिनिटं चांगलं उकळा. सहाशे-सातशे मिलिलिटर दूध होतं. उकळणं चुकवू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो, तो उष्णतेनंच मोडतो. उरलेला चोथाही शिजवून थालिपिठात घाला. दूध त्याच दिवशी संपवा.

प्रथिनांत ते गाईच्या दुधाच्या बरोबरीला येतं. बदामाच्या, तांदळाच्या पेयात प्रथिनं फारच कमी असतात, त्यांच्या नादी लागू नका. मात्र घरी केलेल्या सोयाबीनच्या दुधात कॅल्शियम कमी आणि बी-१२ जीवनसत्त्व मुळीच नाही. तेव्हा वाढत्या मुलाचं गाईचं दूध बंद करून हे द्यायचं नाही, जोडीला द्यायचं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला यातलं काहीही आईच्या दुधाच्या जागी चालत नाही. एक गोष्ट बोलायला अवघड वाटते, पण बोलतो. गोठ्यात चार गाई असताना सगळं दूध डेअरीला घालून घरातल्या पोराला कोरा चहा देणारी घरं मी पाहिली आहेत. त्या घरांत आधी अर्धा लिटर गाईचंच दूध मागं ठेवा, मग सोयाबीनचं बघू.

आबांकडं मी गेल्या आठवड्यात पुन्हा गेलो. माझ्या मागच्या उत्तराबद्दल माफी मागितली. मुलाला फोन लावला आणि तिघांनी मिळून गोठ्याचा हिशेब वहीवर मांडला. मुलगा भागाकार करत होता, आबा आकडे सांगत होते. तीन गाई मिळून सत्तावीस लिटर दूध. चौथीचं शेवटचं दूध कधी काढलं, ते आठवायलाच आबांना वेळ लागला. आठ महिने झाले होते. ती रोज बाकीच्यांइतकंच खात होती. मुलगा फोनवर म्हणाला, "आबा, गाई वाईट नाहीत. हिचं तेवढं बघा." आबा काही बोलले नाहीत, पण वही त्यांनी बंडीच्या खिशात ठेवली.

चौथ्या गाईची गर्भतपासणी येत्या सोमवारी आहे. मक्याच्या खड्ड्यासाठी जागा गोठ्यामागं, लिंबाच्या सावलीत धरली आहे. तुमच्याकडं वही असेल तर तुम्हीही आज रात्री तीन रकाने पाडा: कोणत्या गाईचं दूध किती, शेवटची व्याली कधी, आणि वैरणीला पाणी किती वेळा दिलं. आकडे घेऊन पंचायत समितीत या किंवा बारामती, नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. मुरघासाच्या पिशव्या आणि मक्याचं बियाणं यांची चौकशी मे महिन्याआधी करून ठेवा, जूनमध्ये गर्दी होते.